शशीकाकांची दोन कार्डं

माणूस गेला की त्याच्या फोटोला हार घालायचे वीस पौंड. शेजारी समई हवी असेल आणि तिची ज्योत हलती हवी असेल, तर तीस. हा दर सुलक्षणा देवस्थळीने कधी बसून ठरवला नव्हता, तो आपला पडत गेला. इथे क्रिमेटोरियमची तारीख मिळायलाच दोन-अडीच आठवडे लागतात, त्यामुळे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवायला एक कार्ड लागतंच. त्यावर फोटो, नाव, जन्माची आणि जाण्याची तारीख, क्रिमेटोरियमचा पोस्टकोड, पार्किंग कुठे, फुलांऐवजी देणगी कुठे, आणि सगळ्यात खाली 'शोकाकुल' म्हणून घरच्यांची नावं. लीड्सपासून वेम्बलीपर्यंत कुठल्याही मराठी घरात हे कार्ड कोण करून देतं असं विचारलं की सुलक्षणाचा नंबर मिळायचा. पन्नाशीला आलेल्या बाईची ही आयुष्यातली दुसरी कमाई. तिला तिची शिसारी यायची, आणि सोडवतही नव्हती.

पहिली कमाई कऱ्हाडच्या शाळेतली. लग्नाआधी चार वर्षं ती तिथे शिकवत होती आणि शाळेच्या दर्शनी फळ्यावर रंगीत खडूंनी रोजचा मजकूर तीच लिहायची. मुलांना सोडायला आलेले पालक तिचं अक्षर बघत थांबायचे. मग लग्न झालं. नवरा अतुल भूल देणारा डॉक्टर, त्याला लीड्सच्या एका मोठ्या हॉस्पिटलात नोकरी लागली आणि सुलक्षणाचं अक्षर केकवर नाव काढण्यापुरतं उरलं. मुलगी वाढवली, तीही शिकायला मँचेस्टरला निघून गेली. घरात पैशाला तोटा नव्हता. फक्त सुलक्षणाने दुकानात कार्ड टेकवलं की तिकडे अतुलच्या खिशातला फोन वाजायचा, आणि संध्याकाळी तो अगदी सहज हसत विचारायचा, "आज बूट घेतलेस वाटतं?" त्याच्या मनात काही नसायचं. पण बावीस वर्षं हे ऐकून तिच्या डोक्यात तिडीक जायला लागली होती. कुणाच्या खिशात वाजणार नाहीत असे पैसे तिला हवे होते.

ते कमवायला तिला शिकवलं शशीकाका ओगल्यांनी.

काका आता एकोणऐंशी वर्षांचे. ऐन तरुणपणी इथे आले, पण डॉक्टर म्हणून नव्हे. हॉस्पिटलच्या चित्रविभागात तीस वर्षं ते डॉक्टरांसाठी आकृत्या काढत होते. आतडं कुठे अडकतं, टाका कुठून कुठे जातो, हे सगळं काकांच्या हातचं. इथल्या मराठी मंडळातल्या सर्जन लोकांनी त्या आकृत्यांवर परदेशात भाषणं ठोकली, टाळ्या घेतल्या, आणि गणपतीच्या जेवणात पानावर बसले की काकांना म्हणायचे, "तुम्ही आपले पोस्टरवाले ना?" कारण मंडळाची सगळी पोस्टरंही काकाच करायचे, फुकट. बायको सुमन गेल्यापासून ते एकटे राहत होते. मुलगा राज ईलिंगला, मुलगी सीमा वेम्बलीला, दोघांचा जन्म इथलाच. दर बुधवारी दुपारी काका लायब्ररीतल्या कॉम्प्युटरवर, येईल त्याला वेबसाइटसाठी साधी चित्रं करायला शिकवायचे. पहिल्या बुधवारी मंडळातल्या सहाजणी आल्या होत्या. तिसऱ्या बुधवारी एकटी सुलक्षणा उरली, कारण बाकीच्यांना तिथे चहा मिळत नव्हता.

सुलक्षणाने पहिलं पोस्टर केलं त्यात पाच रंग, चार तऱ्हेची अक्षरं आणि कोपऱ्याकोपऱ्यात फुलं होती. काकांनी ते बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "अगं, ही वरात आहे की पोस्टर? काढ सगळं. आधी कोरं ठेवायला शिक." मग एकेक करून शिकवलं. थर म्हणजे काय, एका चित्रावर दुसरं पारदर्शक कसं ठेवायचं, अक्षरांमध्ये किती जागा सोडायची. फोटोवरचा डाग पुसायचा असेल तर शेजारची कातडी उचलून वर कशी बसवायची, आणि कातडी नेमकी शेजारचीच का हवी. एका गोष्टीवर मात्र ते चिडायचे. चौकटीत बसवण्यासाठी कुणी फोटो आडवा ताणला की त्यांचं टाळकं सरकायचं. "माणसाला ताणायचं नाही," असं ते म्हणायचे.

"आणि फुकट करून देऊ नकोस कुणाला," हेही त्यांनीच बजावलं होतं. "मी दिली, म्हणून पोस्टरवाला राहिलो. तू हाताने कमावशील, बघ." असं तिला याआधी कुणी म्हटलं नव्हतं. अतुलने तर लायब्ररीचं ऐकून "छान, तेवढाच वेळ जातो" एवढंच म्हटलं होतं. त्यामुळे काकांचा शब्द तिने जपून ठेवला. काकांच्या नजरेत आपण काहीतरी आहोत, ही तिच्याजवळची एकमेव मिळकत होती, आणि ती जाऊ नये म्हणून ती प्रत्येक बुधवारी घरी दोनदा तपासून मगच काम दाखवायला न्यायची.

सुरुवातीला तिने इंटरनेटवर नाव नोंदवून जगभरची कामं घेतली. तिथला बाजार बघून तिला मळमळलं. पाच पौंडांच्या कामासाठी पाचशे माणसं एकमेकांच्या उरावर बसलेली. कुत्र्यांचे केस कापणाऱ्या एकाने तिच्याकडून बॅनर अकरा वेळा बदलून घेतला आणि शेवटी लिहिलं की पहिलाच बरा होता. पोट कमी करणारा चहा विकणाऱ्याला 'आजच मागवा' असं लुकलुकणारं लाल बटण हवं होतं. मग एकजण घरबसल्या पैसे कमवायचा क्लास चालवणारा भेटला. त्याला हसऱ्या बायकांचे चेहरे हवे होते, प्रत्येकीखाली एक नाव आणि तिने महिन्यात मिळवलेला आकडा. नावं कुठली, असं तिने विचारलं तर म्हणाला, तुम्हाला आवडतील ती घाला. त्या दिवशी तिने लॅपटॉप मिटला आणि हात धुतले, साबण लावून.

अशातच मंडळातल्या एक आजी गेल्या. त्यांच्या नातवाने कार्ड करून द्याल का म्हणून विचारलं. सुलक्षणाने मनापासून केलं. पांढरी पार्श्वभूमी, एक फोटो, बारीकशी मोगऱ्याची माळ, बस. नातवाने न मागता वीस पौंड पाठवले आणि कार्ड बघून दोन घरचे फोन आले. बघता बघता त्याचा धंदा झाला.

मरणाच्या कामात तरी माणसं बरी वागतील असं तिला वाटलं होतं. कसलं काय! एकाला आईची हनुवटी बारीक करून हवी होती. एकीने सासूबाईंचा फोटो लग्नाच्या ग्रुपमधून कापून पाठवला, त्यांच्या खांद्यावर कुणाचा तरी मेंदीभरला हात तसाच राहिलेला, आणि वर म्हणाली, "राहू दे, बांगड्या छान दिसतायत." एका गृहस्थाने वडिलांच्या नावाखाली स्वतःच्या केटरिंगचा फोन नंबर टाकायला सांगितला. सगळ्यात घाण मामला शोकाकुलांच्या यादीचा. कुणाचं नाव कुणाच्या वर, दुसऱ्या बायकोचं घ्यायचं का, ज्या भावाशी बोलणं नाही तो शोकाकुल धरायचा का! माणूस अजून मॉर्च्युरीत पडलेला आणि इकडे दिवसातून सहा वेळा यादी बदलून यायची. ती बदलायची आणि प्रत्येक बदलाचे पाच पौंड लावायची. त्यावर मात्र कुणी चकार शब्द काढत नसे.

यात तिचं स्वतःचंही काहीतरी नासलं. दिवाळीच्या कार्यक्रमात ती पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्यांकडे बघत उभी होती, आणि मनात आलं, यांचा फोटो डावीकडून चांगला येईल, यांना चष्म्यासकट घ्यावं लागेल. आपण काय विचार करतोय हे तिच्या लक्षात आलं. हातातली करंजी तिने पेपर नॅपकिनमध्ये गुंडाळून टाकून दिली. दुसऱ्या दिवशी एक फोन आला आणि तिने काम घेतलं.

काकांना तिने हा धंदा सांगितला नव्हता. "छोटी छोटी कामं करते," एवढंच म्हणायची. त्यांना आवडणार नाही हे तिला ठाऊक होतं.

मार्चमध्ये काका दोन बुधवार लायब्ररीत आले नाहीत. 'थोडा खोकला आहे, पुढच्या बुधवारी भेटू,' असा त्यांचा मेसेज आला होता. सुलक्षणाने त्यावर अंगठा पाठवला. त्या आठवड्यात तिच्याकडे तीन कार्डं होती.

मग एका गुरुवारी सकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला.

"हाय, सुलक्षणाताई? मी राज ओगले. मंडळच्या हरीशअंकलने तुमचा नंबर दिला. तुम्ही ते कार्ड बनवते ना, फ्युनरलचा?"

सुलक्षणाच्या हातातलं भांडं सिंकमध्ये पडलं. "काका?" एवढंच तिच्या तोंडून निघालं.

"नो नो, बाबा इज ओके. म्हणजे, ओके नाही. हॉस्पिटलमध्ये आहे, नाइन डेज झाले. न्यूमोनिया. डॉक्टर म्हणाला, इट कुड गो आयदर वे. तर मी विचार केला, कार्ड रेडी ठेवू. फक्त डेट ब्लँक ठेवा."

"राज, अहो, काका अजून आहेत!"

"आय नो. पण बी प्रॅक्टिकल ना. मम्मीच्या टाइमला सगळा गडबड झाला, कार्डमध्ये पोस्टकोड राँग होता, लोक दुसऱ्या क्रिमेटोरियमला गेले. इट वॉज एम्बॅरसिंग. मी हंड्रेड देतो, ओके? फोटो पाठवतो. नावं मध्ये माझा फर्स्ट, मग वाइफ, मग मुलं, मग सीमा."

पोराला बाप मरायची नव्हे, पोस्टकोड चुकायची काळजी! सुलक्षणाच्या तोंडाला कडू चव आली. नाही म्हणायचं, फोन ठेवायचा आणि सरळ बस पकडून वॉर्डात जायचं, हे तिला त्या क्षणी लख्ख दिसत होतं. काका नऊ दिवस तिथे पडून होते, अतुलच्याच हॉस्पिटलात, आणि तिला पत्ता नव्हता. पण शंभर पौंड आजवर कुणी दिले नव्हते. शिवाय मनाने लगेच एक कारण पुढे केलं, की दुसऱ्या कुणाला दिलं तर तो काकांचा फोटो ताणेल. कारणं सापडतातच. ती म्हणाली, "पाठवा."

कार्ड उघडून ठेवलेल्या लॅपटॉपसमोरून उठून काकांना भेटायला कुठल्या तोंडाने जायचं? आधी हे संपवू, मग जाऊ, असं तिने ठरवलं. ते संपायच्या आत दुपारी सीमाचा फोन आला.

सीमाला राजने काम दिलंय हे माहीत नव्हतं. तिला तिचं वेगळं कार्ड हवं होतं. "ताई, तुम्ही प्लीज दादाला सांगू नका. तो नेहमी सगळा आपल्या नावावर करतो. बाबांना मीच बघते, मी लास्ट वीकला आली होती तिकडे. माझा नाव वर पायजे, आणि दादाचा खाली. मी रीसेंट फोटो पाठवते, मीच काढलाय."

फोटो आला. काका हॉस्पिटलच्या पलंगावर, उशीला टेकून, कॅमेऱ्याकडे बघून कसंनुसं हसत होते. नाकात ऑक्सिजनची नळी. गालावरून कानामागे गेलेली, तिथे तिचा वळ उमटलेला. खाली सीमाने लिहिलं होतं, 'ट्यूब रिमूव्ह करता येईल ना? स्माइल छान आलाय.'

म्हणजे ही एवढ्या लांबून बापाला बघायला आली ती हा फोटो काढायला! सुलक्षणा टेबलापासून उठली, मागच्या दाराशी जाऊन थंड हवेत उभी राहिली. ओकारी येईल असं वाटत होतं, आली नाही. ती परत येऊन बसली आणि तिने फोटो मोठा केला.

ते काम शुक्रवारी तिने चार तास केलं. काकांच्या गालाची कातडी शेजारून उचलायची आणि नळीवर बसवायची. सुरकुतीला सुरकुती जुळवायची. नाकपुडीजवळ सावली पडली होती, ती दोनदा चुकली. वळ पुसताना तर स्क्रीनवर त्यांच्या एका गालाखेरीज काहीच नव्हतं, पांढरे खुंट वाढलेला, सुकलेला गाल. प्रत्येक ठिकाणी तिला त्यांचा आवाज ऐकू येत होता, शेजारचीच घे, लांबची घेऊ नकोस. तिने शेजारचीच घेतली. संध्याकाळी दोन्ही कार्डं दोघांना गेली. पैसे आले, ते अतुलच्या खिशात वाजले नाहीत. शनिवारी तिला भेटायला जायचं होतं, पण ती गेली नाही. रविवारीही नाही. अतुल म्हणाला, "ओगलेकाका आमच्याकडे आहेत म्हणे, जाऊन येतेस का?" ती म्हणाली, "उद्या बघते."

सोमवारी दुपारी बाराच्या सुमाराला मंडळाच्या ग्रुपवर काकांचं कार्ड आलं.

राजने ते 'चेक स्पेलिंग प्लीज' असं लिहून आपल्या घरच्या, सीमा नसलेल्या ग्रुपवर टाकलं होतं. पुण्याच्या आत्याने इंग्रजी ओळ कशाला वाचली असती, फोटो आणि हार बघून तिने हंबरडा फोडला आणि लीड्सच्या वन्संना पाठवलं. वन्संनी मंडळाला. तिथे पाचशे माणसं. पहिलं 'ॐ शांती' एका मिनिटात आलं, आणि मग नुसता पाऊस. ज्यांनी काकांना आयुष्यभर पोस्टरवाले म्हटलं त्या सगळ्या डॉक्टरांचा आधारवड हरपला. अध्यक्ष हरीश यांनी मोठं निवेदन टाकलं, त्यात काकांचं मंडळाच्या जडणघडणीतलं योगदान, आणि पाडव्याच्या कार्यक्रमात दोन मिनिटं शांतता. एकाने विचारलं, फ्युनरल वीकएंडला असेल तर बरं पडेल. दुसऱ्याने विचारलं, मग पाडव्याचं पोस्टर आता कोण करणार?

सुलक्षणा जिन्याच्या पायरीवर बसून हे वाचत होती. काका गेले आणि आपण भेटलो नाही, एवढंच तिच्या डोक्यात होतं. तेवढ्यात त्याच ग्रुपवर दुसरं कार्ड आलं, सीमाने टाकलेलं. सीमाला राजचं कार्ड ग्रुपवर दिसलं होतं, बाबा गेले आणि दादाने आपल्याला कळवलंही नाही असा तिचा समज झाला, आणि हॉस्पिटलला फोन करायच्या आधी तिने स्वतःचं नाव वर असलेलं कार्ड सगळ्यांना पाठवलं. राजने सीमाचं कार्ड बघितलं आणि त्याचाही तोच समज झाला. दोघांचे सुलक्षणाला एकाच वेळी मेसेज आले. तो ईलिंगहून गाडी घेऊन निघाला होता, ती वेम्बलीहून स्टेशनकडे. दोघांनीही विचारलं होतं, दुसऱ्याला आधी कसं कळलं? बाप कधी गेला, कसा गेला, हे दोघांतल्या एकानेही विचारलं नव्हतं.

दोन्ही कार्डांवर जन्मतारखेपुढची जागा कोरी होती. ती आपण कोरी ठेवली होती, आणि ती भरायला कुणी सांगितलेलं नाही, हे तिच्या लक्षात यायला तेवढा वेळ लागला. पाचशे माणसांपैकी एकालाही ते दिसलं नव्हतं. तिने वॉर्डला फोन लावला.

"शशी?" नर्स म्हणाली. "ही इज मच बेटर, लव्ह. बसून जेवतोय. मीठ मागून डोकं खातोय आमचं. आणि त्याचा फोन सकाळपासून थांबत नाहीये, कुणाचं लग्न वगैरे आहे का? आत्ताच म्हणाला, माझा चष्मा शोधून दे."

"चष्मा देऊ नका!" सुलक्षणा ओरडली. पण नर्सने तोवर फोन ठेवला होता.

तिने ग्रुपवर लिहिलं, 'काका जिवंत आहेत. कृपया कुणी काही टाकू नका.' मेसेजांच्या लोंढ्यात ते क्षणात वर सरकलं. कुणीतरी तिच्या त्या ओळीलाच 'ॐ शांती' असं उत्तर दिलं. अतुल ऑपरेशन थिएटरमध्ये होता, त्याचा फोन बंद. चपला तशाच घालून ती बसस्टॉपवर धावली. बसमध्ये बसल्यावर ती स्वतःशी घोकत राहिली, चष्मा सापडू नये, चष्मा सापडू नये. काकांना मुलांचं कळेल ते कळेल, पण हे कुणी केलं ते कळू नये. लाज वाटली तरी हेच मागत होती ती.

वॉर्डात काका खिडकीजवळच्या पलंगावर बसले होते. चष्मा नाकावर, त्याखाली नळी, हातात फोन. समोरच्या ताटात अर्धा बटाटा राहिला होता. तिला बघून त्यांनी फोन खाली ठेवला नाही.

"ये," ते म्हणाले. "बस. मी गेलो म्हणतात."

"काका, चुकून झालं ते. राजने फक्त..."

"राजचं वाचलं. सीमाचंही वाचलं." त्यांना मध्येमध्ये दम लागत होता. "दोन्ही कार्डं तुझी आहेत."

ती खुर्चीत बसली आणि पर्स मांडीवर घेतली.

"अक्षरांमधली जागा बघून कळलं. इथे एवढी जागा दुसरं कुणी सोडत नाही." त्यांनी दोन बोटांनी फोटो मोठा केला आणि फोन डोळ्यांजवळ नेला. "इथे नळी होती ना? सीमाने काढला तेव्हा होती. छान काढलीस. नाकाजवळची सावलीसुद्धा धरलीस. मला नसती जमली."

त्यांनी चार शिव्या हासडल्या असत्या तर ती पायांवर पडून रडली असती. पण ते खरंच कौतुक करत होते, बुधवारी करायचे तसंच. इतकी वर्षं लोकांच्या याद्या, लोकांच्या हनुवट्या, लोकांचे केटरिंगचे नंबर बघून नाक मुरडलं होतं तिने. त्यांतल्या कुणीही जिवंत माणसाच्या गालाची कातडी उचलून विकली नव्हती.

"किती वेळ लागला नळीला?" काकांनी विचारलं.

खोटं बोलायचं तिला सुचलं नाही. "चार तास."

"हं." त्यांनी फोन ताटाशेजारी ठेवला. तो पुन्हा थरथरला, त्यांनी बघितलं नाही. "आणि तुझ्या घरून इथे यायला?"

"बसने वीस मिनिटं."

खिडकीबाहेर पार्किंगमध्ये गाड्या लागत होत्या, काका तिकडे बघत राहिले. सुलक्षणाने पैसे परत करीन म्हटलं, हे काम पुन्हा कधी करणार नाही म्हटलं, उद्यापासून रोज येईन, मीठ घालून वरणभात आणीन, असं काय काय म्हटलं. म्हणता म्हणता स्वतःच्याच आवाजाची तिला किळस आली आणि ती थांबली. नर्स येऊन ताट घेऊन गेली.

"ऊठ आता," काका म्हणाले. "मुलं निघालीत तिकडून. त्यांना रडायला जागा लागेल."

ती उठली. पर्स खांद्याला लावली, पलंगाच्या कठड्याला हात लावून उभी राहिली. निघणाऱ्या माणसाला कुणी 'जा' म्हणत नाही आपल्यात. वैऱ्यालाही दारातून 'या' म्हणूनच निरोप देतात.

"येते, काका," ती म्हणाली.

काकांनी चष्मा काढून उशीशेजारी ठेवला आणि डोळे मिटले.

"जा," ते म्हणाले.